चौकशीतले मूल आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्त्या आणि नव्या इमारतीचा निधी यांविषयी बोलले जाते. ते बोललेच पाहिजे. परंतु आज मला जो थोडा वेळ मिळाला आहे, तो मी अशा मुलांसाठी वापरणार आहे, ज्यांच्याविषयी आपण एरवी खालच्या आवाजात बोलतो आणि लगेच विषय बदलतो. पोलिसांनी ज्यांना नेले, ज्यांच्यावर काही आरोप आहे, पण ज्यांचा निकाल अद्याप लागलेला नाही, अशी ही मुले. ती कोठे ठेवली जातात, कोणाबरोबर ठेवली जातात आणि तेथून परत आल्यावर आपण त्यांना कोठे बसवतो, हा माझा आजचा विषय आहे.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिकवीत असताना माझ्या वर्गात नववीत एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. तसे सांगणे कायद्यालाही मान्य नाही आणि माझ्या मनालाही नाही. मुलगा अभ्यासात मध्यम, पण भूमितीच्या आकृत्या इतक्या स्वच्छ काढायचा की मी त्याची वही इतरांना दाखवीत असे. एके दिवशी मोहल्ल्यातल्या दोन मोठ्या पोरांनी कोणाची तरी मोटरसायकल उचलली आणि याला मागे बसवून हायवेपर्यंत फिरवून आणले. गाडी सापडली, तिघेही सापडले. हा चौदा वर्षांचा.

वडील आखातात नोकरीला. चुलत्याने सांगितले, "माझ्या घरात पोलिसांचे नाव नको." आई शाळेत आली. मुलाला सोडायला मंडळाची तयारी आहे, पण कोणी जबाबदार माणूस जामीन हवा, एवढेच तिला समजले होते. ती म्हणाली, "सर, तुम्ही नुसते सोबत चला. मला तिथे बोलता येणार नाही." मी तिला म्हणालो, "आपा, सध्या चाचणी परीक्षा चालू आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

दहाव्या दिवशी मी गेलो. अर्ध्या तासात काम झाले. आईच्या हमीवर मुलगा सुटला. माझी त्यात गरज होती ती केवळ तिच्या शेजारी उभे राहण्यापुरती. ते दहा दिवस माझ्या हिशेबात आहेत आणि ते मला कोणी वजा करून देणार नाही.

त्या दहा दिवसांत काय झाले ते त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. ज्या गृहात त्याला ठेवले होते तेथे जागा अपुरी. चौकशी चालू असलेली मुले आणि निकाल होऊन मुदत भोगत असलेली मुले रात्री एकाच दालनात झोपत. तो म्हणाला, "सर, तिथे नवीन आलेल्याला सगळे एकच विचारतात, किती महिन्यांचा आहेस? मी म्हणायचो, माझे अजून ठरलेले नाही. मग सगळे हसायचे."

मित्रहो, या प्रश्नावर थोडे थांबा. ज्याचे काहीच ठरलेले नाही, त्याला त्याच्याच वयाची मुले "किती महिने" विचारतात. दहाव्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मनगटावर सुईने गोंदलेले एक अक्षर होते, गाडीचे कुलूप कसे उघडते याची माहिती होती, आणि बोलताना तो "आमच्यातले" हा शब्द वापरू लागला होता. "आमच्यातले" म्हणजे त्याच्या वर्गातले नव्हेत! पुढे चौकशीत त्याच्यावर काहीही सिद्ध झाले नाही. पण ते सिद्ध होण्याआधीच त्याला उत्तर मिळाले होते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण शाळेत शिकवतो. येथे पवळ्याला बांधणारे हात मोठ्या माणसांचे होते, हे मात्र आपण विसरतो.

आता हा प्रश्न आपल्या देशात कसा पाहिला गेला ते थोडक्यात सांगतो.

आरंभी मूल आणि प्रौढ यांतही फरक केला जात नसे. चोरीचा आरोप असलेला बारा वर्षांचा पोर आणि सराईत दरोडेखोर एकाच तुरुंगात जात. पहिले पाऊल पडले ते मुलांना प्रौढांपासून वेगळे करण्याचे. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुलांसाठी सुधारगृह निघाले. १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. त्यानंतर १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, अशी शिफारस केली. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली मुलांचा कायदा केला. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, त्याच आवारात पुढे मुलांचे रिमांड होम उभे राहिले. आपल्या आयाबायांच्या तोंडी "डोंगरीला टाकले" हा शब्दप्रयोग आजही आहे तो तेथूनच.

दुसरे पाऊल मुलामुलांतील फरकाचे. ज्याची चौकशी चालू आहे तो वेगळा आणि ज्याच्याविषयी निर्णय झाला आहे तो वेगळा. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने हे सर्व देशासाठी स्पष्ट केले. चौकशी चालू असेपर्यंत तात्पुरते ठेवण्यासाठी निरीक्षणगृह, आणि निर्णयानंतर पाठवण्यासाठी विशेष गृह, अशी दोन निरनिराळी गृहे सांगितली. त्याच १९८६ साली मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये, राज्यांनी त्यांच्यासाठी गृहे उभारावीत आणि मुलांवरील प्रकरणे ठरावीक मुदतीत संपवावीत, असे बजावले. पुढे २००० साली नवा कायदा आला. मुलगा असो वा मुलगी, वयाची मर्यादा १८ वर्षे झाली. सध्या लागू आहे तो २०१५ चा कायदा. त्यातही निरीक्षणगृह आणि विशेष गृह ही विभागणी कायम आहे. गंभीरातल्या गंभीर आरोपातील १६ ते १८ वयाच्या मुलांसाठी जे सुरक्षित स्थान सांगितले आहे, तेथे तर चौकशीतल्यांची आणि दोषी ठरलेल्यांची राहण्याची व्यवस्था वेगवेगळी असलीच पाहिजे, असे कलम ४९ मध्ये शब्दशः लिहिले आहे.

बाहेरच्या जगातही हेच मान्य झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९० साली बंदिस्त बालकांच्या संरक्षणाचे नियम स्वीकारले. त्यांतील १७ वा नियम सांगतो की, खटला न झालेल्या मुलांना दोषी ठरलेल्या मुलांपासून वेगळे ठेवावे. पुढचाच नियम म्हणतो की, अशा मुलांना शिक्षणाची व कामाची संधी द्यावी, परंतु सक्ती करू नये. सक्ती का नको? कारण ज्याचा दोष ठरलेला नाही, त्याला सुधारण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचेल?

आपल्या कायद्याने तर शब्दांचीही काळजी घेतली आहे. मुलासाठी आरोपी, गुन्हेगार, शिक्षा हे शब्द तो टाळतो. मी समजण्याच्या सोयीसाठी ते वापरतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. आणि १८ वर्षांखालील प्रत्येक मूल निर्दोष हेतूचे मानले जाईल, हे तत्त्व कायद्याने आपल्या मूलभूत तत्त्वांत अगदी आरंभीच ठेवले आहे.

काही पालक विचारतील, "सर, मुले ती मुलेच. सगळी लहान. मग आपसांत वेगळी ठेवण्याचा हा आग्रह कशाला?" शंका रास्त आहे. त्याची तीन कारणे माझ्या अनुभवाप्रमाणे सांगतो.

पहिले कारण न्यायाचे. निकालाआधीच निकाल लागलेल्यांच्या रांगेत उभे करणे म्हणजे निकाल देऊन टाकणे होय. परीक्षेला बसण्याआधीच एखाद्याला नापासांच्या वर्गात बसवले, तर उद्या पेपर तपासण्यात अर्थ तो काय?

दुसरे कारण संगतीचे. चौदाव्या वर्षी मूल ज्यांच्यात झोपते-जेवते, त्यांच्यासारखे व्हायला बघते. तेथे भीतीही असते. भित्र्या मुलाला जगायचे तर बलवानाची मर्जी संपादन करावी लागते, आणि ती मर्जी फुकट मिळत नाही.

तिसरे कारण दिनक्रमाचे. याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. चौकशीतल्या मुलाचे सारे चित्त पुढच्या तारखेवर असते. आज येईल, उद्या सुटेल. त्याला आईची भेट हवी, वकील हवा आणि शाळेची पुस्तके हवीत, म्हणजे त्याची परीक्षा बुडणार नाही. उलट ज्याला विशेष गृहात एक, दोन किंवा अधिकात अधिक तीन वर्षे राहायचे आहे, त्याला स्थिर दिनक्रम हवा, सुतारकाम किंवा वायरमनचे काम शिकवणारा गुरू हवा, रोज भेटणारा समुपदेशक हवा. एकाच दालनात दोघांना कोंबले की एकाची शाळा बुडते आणि दुसऱ्याची सुधारणा. म्हणून वेगळे ठेवणे हे केवळ "चांगल्या" मुलाला "वाईट" मुलापासून वाचवण्यासाठी आहे, असे कृपा करून समजू नका. ज्याच्याकडून चूक घडली, तोही कोणाचा तरी मुलगा आहे आणि त्याच्यासाठीही ही व्यवस्था तितकीच गरजेची आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वेगळे ठेवणे म्हणजे एकटे कोंडणे नव्हे. एखाद्या गृहात चौकशीतला एकच मुलगा असेल आणि त्याला वेगळेपणाच्या नावाखाली दिवसभर एका खोलीत बसवले, तर ती शिक्षेहून मोठी शिक्षा झाली. तसेच चौकशीतली सगळी मुले सारखी नसतात. सतरा वर्षांच्या दांडग्या मुलाशेजारी अकरा वर्षांचे मूल झोपवणे हेही चूक. त्यासाठी निरीक्षणगृहात वय, लिंग, मुलाची शारीरिक-मानसिक स्थिती आणि आरोपाचे स्वरूप पाहून विभागणी करावी, असे कायद्यात आहे. जागा कमी, माणसे कमी, ही अडचण खरी आहे. इमारत एका दिवसात उभी राहत नाही. पण झोपण्याचे दालन वेगळे करणे, जेवणाची वेळ वेगळी ठेवणे, रात्री पहारेकऱ्याने जागे राहणे, या गोष्टींना नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही.

आणि सर्वांत चांगली विभागणी कोणती म्हणाल, तर चौकशीतले मूल घरी असणे! कायद्याचा कल तिकडेच आहे. म्हणून पालकहो, पुढील गोष्टी नीट ऐका, शक्य तर लिहून घ्या. ईश्वर करो आणि त्यांची गरज न पडो.

एक: मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावेच लागते. आईवडिलांना कळवणेही बंधनकारक आहे.

दोन: आरोप जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हा नियम आणि ठेवून घेणे हा अपवाद आहे. सुटल्यास तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, अशी सबळ कारणे असतील तरच मंडळ नकार देते आणि ती कारणे त्याला लिहावी लागतात. जामीनदाराशिवायही मंडळ मुलाला सोडू शकते.

तीन: जामिनाची अट सात दिवसांत पुरी करता आली नाही, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते, म्हणजे अट बदलता येते. ही तरतूद मला त्या वेळी ठाऊक नव्हती. आज आपल्याला ठाऊक झाली आहे.

चार: वकिलासाठी दागिने गहाण टाकू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक बालकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे जा.

पाच: वयाचा पुरावा जपून ठेवा. वयाविषयी शंका आली तर शाळेतील जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र प्रथम पाहिले जाते, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. शाळेत नाव घालताना अंदाजे तारीख सांगण्याची आपली जुनी सवय आहे. एक-दीड वर्ष इकडे तिकडे झाले तर काय बिघडले, असे आपल्याला वाटते. त्या एका वर्षावर मूल गृहात जाईल की प्रौढांच्या तुरुंगात, हे ठरू शकते.

सहा: परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची माहिती घेणारा अधिकारी, घरी आला तर त्याच्यापासून काही लपवू नका. त्याचा अहवाल दोन आठवड्यांत मंडळापुढे जावयाचा असतो. मुलगा शाळेत जातो, त्याला घर आहे, विचारणारी माणसे आहेत, हे त्या अहवालात आले पाहिजे.

सात: तारखा चुकवू नका. चौकशी चार महिन्यांत संपावी, आणि फार तर दोन महिने वाढवून मिळावेत, असा नियम आहे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्यातही पुरी झाली नाही तर ती बंद होते.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. माझा तो विद्यार्थी परत आला त्या दिवशी मी त्याला नेहमीच्या जागी बस म्हणालो. त्याच्या शेजारच्या मुलाने दप्तर सरकवले नाही. तो काही बोलला नाही. स्वतःहून उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसला आणि वर्ष संपेपर्यंत तेथेच बसला. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. येथे तर ओले वाळवून जाळण्याचे काम आम्हीच केले. गृहात त्याला निकाल लागलेल्यांत मिसळले हे चूक. पण त्याचा कोणताच निकाल लागला नसताना आम्ही त्याला आमच्यातून वेगळे काढले, हे त्याहून मोठे चूक. तेथे जागा कमी होती. आमच्या वर्गात तर जागा होती!

तेव्हा एखादा सोबती असा परत आला तर दप्तर सरकवा. त्याला "काय केलेस" असे विचारू नका. बुडालेल्या धड्यांची वही द्या. आणि अशा मुलाचे नाव, फोटो किंवा व्हिडिओ मोबाईलवरून पाठवू नका. त्याची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय मोठी पोरे "चल, एक फेरी मारून येऊ" म्हणाली, तर गाडी कोणाची, एवढे विचारण्याचे धैर्य ठेवा.

शेवटी संस्थेकडे माझ्या तीन नम्र मागण्या आहेत. पहिली, आपल्या संस्थेने आणि मोहल्ल्याच्या जमातीने मिळून पाच-सहा अशा माणसांची यादी करावी, जी रात्री-अपरात्री कोणत्याही मुलाच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात आणि मंडळापुढे जातील. मुलगा कोणाचा, कोणत्या जातीधर्माचा, हे त्यांनी विचारू नये. दुसरी, आपल्या शाळेतील एखादा मुलगा निरीक्षणगृहात असेल तर त्याचे नाव पटावरून कमी करू नये आणि रीतसर परवानगी घेऊन एका शिक्षकाने पुस्तके घेऊन त्याला भेटावे. ते काम प्रथम मी माझ्याकडे घेतो. तिसरी, अशा गृहांची पाहणी बाल न्याय मंडळाने महिन्यातून एकदा आणि तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा करावी, असा नियम आहे. आपल्या जिल्ह्यात चौकशीतली मुले आणि निकाल झालेली मुले रात्री वेगळ्या दालनात झोपतात काय, एवढा एकच प्रश्न संस्थेने लेखी विचारावा. प्रश्न विचारला गेला की पुष्कळदा पलंग हलतात.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. एका फॅब्रिकेशनच्या दुकानात तो लोखंडी ग्रिलचे नमुने काढतो. हात अजून तसाच स्वच्छ आहे. मनगटावर तो घड्याळ जरा घट्ट बांधतो. मागे भेटला तेव्हा मी त्या दहा दिवसांविषयी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही आलात ना." मला त्या उत्तराने समाधान झाले नाही आणि होऊही नये. आपल्यापैकी कोणाकडे उद्या एखादी आई आली, तर तिला "पुढच्या आठवड्यात बघू" असे सांगू नका. चप्पल घाला आणि निघा.